प्लेट्रॉनचं गेमओएस: गेम चालतील हो, पण सांभाळणार कोण?

हातात धरून खेळायच्या छोट्या गेमिंग पीसींसाठी, म्हणजे स्टीम डेक, आरओजी अलाय, लिजन गो वगैरे यंत्रांसाठी, एक नवी लिनक्स-आधारित ऑपरेटिंग सिस्टिम आली आहे. नाव प्लेट्रॉन गेमओएस. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्याबद्दल पहिल्यांदा जाहीरपणे बोललं गेलं. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज एवढ्याशा स्क्रीनवर अडचणीची आहे, व्हॉल्व्हची स्टीमओएस शेवटी स्टीमच्याच दुकानाभोवती फिरते, तेव्हा कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर बसणारी आणि कुठल्याही दुकानातले गेम चालवणारी तिसरी सिस्टिम हवी.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. सात इंची स्क्रीनवर अंगठ्याने विंडोजचा अपडेटचा डबा बंद करायचा प्रयत्न ज्याने केलाय त्याला पहिली पटेल. एपिक किंवा गॉगवर विकत घेतलेला गेम स्टीम डेकवर आणायला हिरोइक लाँचरसारख्या आडवाटेने जावं लागतं, त्यामुळे दुसरीही पटेल. तरीही मला या प्रकल्पाबद्दल बऱ्याच शंका आहेत, आणि त्या नेमक्या कुठे आहेत ते सांगायला ही पोस्ट.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. "लिनक्सवर गेम कसले चालतायत" ही माझी शंका नाही. २०१५ साली ती रास्त होती, आज नाही. माझा प्रश्न असा आहे की गेम चालवण्याचं जे अवघड काम आहे ते बहुतेक दुसऱ्यांनी करून ठेवलंय, मग उरलेलं काम कोणतं आणि ते करायला ही कंपनी योग्य आहे का? हे उरलेलं काम दिसायला किरकोळ वाटतं. माझ्या मते सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो म्हणजे काय होतं

विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर सुरू केला की मध्ये काही थर येतात. सगळ्यात वर वाइन. हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. गेम विंडोजच्या पद्धतीने म्हणतो, "ही फाइल उघड, इतकी मेमरी दे, नवा थ्रेड सुरू कर." वाइन ती मागणी समजून घेतं आणि लिनक्सकडून पुरी करून घेतं. इथे एक गैरसमज नेहमी होतो. वाइन हे एम्युलेटर नाही. गेममधल्या प्रोसेसरसाठीच्या सूचना तशाच्या तशा प्रोसेसरवर चालतात, कारण प्रोसेसर दोन्हीकडे एकच, x८६ जातीचा. फक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या विनंत्यांचं भाषांतर होतं. म्हणून वेगात फार नुकसान होत नाही.

दुसरा थर चित्रांचा. विंडोजचे गेम डायरेक्ट३डीमध्ये बोलतात, लिनक्सवर वल्कन लागतं. डायरेक्ट३डी ९, १० आणि ११ चं वल्कन करणारा डीएक्सव्हीके हा प्रकल्प फिलिप रेबोले या एका माणसाने सुरू केला, त्याला 'निअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळायचा होता म्हणून. डायरेक्ट३डी १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. त्याखाली मेसा, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच. त्याच्याही खाली कर्नल.

यातले वाइन, डीएक्सव्हीके आणि त्यांची सोबतची मंडळी एका पिशवीत भरून व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन या नावाने दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक लोकांच्या हातात पडला तेव्हा त्यामागे प्रोटॉनचं साडेतीन वर्षांचं काम होतं, आणि त्याआधीचं वाइनचं पाव शतकाचं.

आता स्टीमओएस घ्या, बॅझाइट घ्या, कायमेराओएस घ्या किंवा प्लेट्रॉन घ्या. हे थर सगळीकडे जवळपास तेच. थोडं इकडेतिकडे आवृत्त्यांचा फरक. म्हणजे "आमच्या सिस्टिमवर हजारो विंडोज गेम चालतात" हे वाक्य खरं असलं तरी त्यात त्या सिस्टिमचं स्वतःचं कर्तृत्व किती, हा प्रश्न उरतोच. यात गैर काही नाही, मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच असतं. व्हॉल्व्हसुद्धा वाइनच्या खांद्यावरच उभी आहे. फक्त शाबासकी देताना ती कुणाची आहे ते ठाऊक असावं.

मग नव्या सिस्टिमचं स्वतःचं काम कोणतं?

यादी केली तर साधारण अशी होते. प्रत्येक यंत्राची बटणं, जॉयस्टिक, जायरो ओळखून गेमला एका ठरावीक कंट्रोलरसारखे दाखवणे. प्रोसेसरला किती वॅट द्यायचे ते सांभाळणे. झोप आणि जाग, म्हणजे बटण दाबलं की गेम जिथल्या तिथे थांबला पाहिजे आणि परत दाबलं की तिथूनच सुरू झाला पाहिजे. वेगवेगळ्या दुकानांत लॉगिन, डाउनलोड, सेव्ह फाइल. आणि अपडेट, जो अर्ध्यात वीज गेली तरी यंत्र बंद पाडणार नाही.

अपडेटच्या बाबतीत प्लेट्रॉनने चांगला पाया निवडलाय. ही सिस्टिम फेडोरा सिल्व्हरब्लूच्या पद्धतीवर बांधलेली आहे. नेहमीच्या लिनक्समध्ये अपडेट म्हणजे शेकडो पॅकेजेस एकेक करून बदलणे. सिल्व्हरब्लूमध्ये पूर्ण सिस्टिमचा एक तयार ठसा येतो, जुना बाजूला राहतो, नवा चालला नाही तर जुन्यावर परत जाता येतं. स्टीमओएस हेच दोन पार्टिशन ठेवून करते. ज्या यंत्राच्या मालकाला टर्मिनल म्हणजे काय हे माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही, त्याच्यासाठी ही पद्धत बरोबर आहे. शिवाय कायमेराओएसवर काम केलेली माणसंही या प्रकल्पात आहेत, म्हणजे अनुभव अगदी शून्य नाही.

पण वरची यादी पुन्हा वाचा. त्यातलं एकही काम "एकदा करून संपलं" असं नाही. नवं यंत्र आलं की बटणांचा नकाशा नवा. बायोसचं अपडेट आलं की झोप-जाग बिघडते. दुकानाने लॉगिनची पद्धत बदलली की जोडणी तुटते. व्हॉल्व्हने सुरुवातीची तीन वर्षं हे सगळं एकाच यंत्रासाठी केलं, तेही स्वतः बनवलेल्या. मे २०२५ मध्ये लेनोवोचा लिजन गो एस हा स्टीमओएस घेऊन आलेला दुसऱ्या कंपनीचा पहिला अधिकृत हँडहेल्ड. एवढा पैसा आणि एवढी माणसं असलेली कंपनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायला इतका वेळ घेते, तेव्हा "कुठल्याही यंत्रावर" हे शब्द ऐकून सावध व्हायला हवं.

वेगाचे आकडे कसे वाचायचे

कम्प्युटर सिस्टिम्समध्ये संशोधन करणाऱ्यांचा निम्मा वेळ मोजमाप नीट झालं का हे तपासण्यात जातो, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

लिनक्सवर गेम विंडोजपेक्षा वेगाने चालतात, असं आता वरचेवर ऐकू येतं. त्याला आधार आहे. जून २०२५ मध्ये आर्स टेक्निकाने एकाच लिजन गो एसवर दोन्ही सिस्टिम टाकून पाच गेम तपासले आणि चारांमध्ये स्टीमओएस पुढे निघाली. पण त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट होती, जी मथळ्यात मावत नाही. विंडोजवर ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून नवा टाकला तेव्हा विंडोजचे काही आकडे सुधारले. म्हणजे मोजल्या गेलेल्या फरकाचा एक भाग सिस्टिमचा होता आणि एक भाग यंत्र बनवणाऱ्या कंपनीने जुना ड्रायव्हर दिल्याचा. चांगल्या चाचणीचं लक्षण हेच की तिने ते लपवलं नाही. पण त्या निकालावरून कुणी "लिनक्स म्हणजे वेगवान" असं सरसकट म्हणत असेल, आणि त्यात प्लेट्रॉनही गृहीत धरत असेल, तर तो निष्कर्ष चाचणीच्या बाहेरचा आहे.

दुसरी गोष्ट, सरासरी. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या की आपण ६० एफपीएस म्हणतो. समजा त्यातल्या ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि एका फ्रेमला ४१० मिलिसेकंद लागले. बेरीज १००० मिलिसेकंद. कागदावर ६० एफपीएस, आणि हातात मात्र जवळपास अर्धा सेकंद गोठलेला पडदा. तुम्ही नेमकी त्याच वेळी उडी मारत असाल तर मेलात. म्हणून सरासरीऐवजी फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा आलेख बघायचा, निदान सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा तरी.

असा गोठा येतो कुठून? बऱ्याचदा शेडरमुळे. शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम. गेममध्ये ते अर्धवट शिजलेले असतात, तुमच्या चिपसाठी आणि ड्रायव्हरसाठी ते तिथल्या तिथे कंपाइल करावे लागतात. पहिल्यांदा स्फोट दिसला, त्याचं शेडर तयार नव्हतं, तेवढा वेळ पडदा थांबला. स्टीम डेकच्या बाबतीत व्हॉल्व्हने यावर सोपा उपाय काढला. सगळ्या डेकमध्ये चिप एकाच घराण्यातली आणि ड्रायव्हर एकच, मग तयार शेडर गेमसोबतच पाठवून द्यायचे. आयता स्वयंपाक. हा उपाय चालतो कारण यंत्र एक आहे आणि दुकान स्वतःचं आहे.

प्लेट्रॉनच्या कल्पनेत यंत्रं अनेक आणि दुकानं दुसऱ्यांची. म्हणजे ज्या दोन गोष्टींमुळे स्टीम डेक गुळगुळीत वाटतो, त्या दोन्ही इथे मुळातच नाहीत. प्रत्येक चिप-ड्रायव्हर जोडीसाठी वेगळा साठा ठेवावा लागेल, तो भरण्याइतके वापरणारे हवेत आणि वाटायला सर्व्हर हवेत. अशक्य नाही. पण याचं उत्तर दिल्याशिवाय "स्टीम डेकसारखाच अनुभव, फक्त सगळ्या दुकानांसह" असं म्हणता येत नाही.

याच प्रकारातलं एक जुनं उदाहरण. २०२२ मध्ये 'एल्डन रिंग' आला तेव्हा पीसीवर तो अडखळत होता. व्हॉल्व्हच्या लोकांनी थेट व्हीकेडी३डी-प्रोटॉनमध्ये शिरून, गेम मेमरी वारंवार मागतो त्याचा भार कमी केला, आणि डेकवर तो विंडोजपेक्षा सुरळीत चालू लागला. असं काम करायला त्या थरात हात घालणारी माणसं पगारावर लागतात. नुसती ती पिशवी उचलून आपल्या सिस्टिममध्ये ठेवणाऱ्याला ते जमत नाही. त्याला दुसऱ्याने दुरुस्त करायची वाट बघावी लागते.

चीटिंग रोखणाऱ्यांचा पेच

आता सगळ्यात अवघड भाग. ऑनलाइन गेममध्ये फसवणूक पकडायला अँटी-चीट सॉफ्टवेअर असतं. विंडोजवर यातली बरीच कर्नलच्या पातळीवर बसतात, म्हणजे सिस्टिमच्या माजघरात. लिनक्सवर त्यांना तशी जागा मिळत नाही, आणि बहुतेक लिनक्सवाल्यांना ती द्यायचीही नसते.

तांत्रिक वाट आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी प्रोटॉनवर चालायची सोय जाहीर केली. पण ती चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमच्या मालकाच्या हातात. फोर्टनाइटसाठी एपिकने ती चालू केली नाही, आणि गंमत म्हणजे ईझी अँटी-चीट एपिकचंच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये टिम स्वीनी यांनी कारण सांगितलं ते असं, की इतक्या वेगवेगळ्या कर्नलवर एवढ्या मोठ्या प्रमाणात फसवणूक आवरता येईल याची आम्हाला खात्री नाही. ३१ ऑक्टोबर २०२४ ला एपेक्स लेजंड्सने तर असलेलं दारही बंद केलं. त्याआधी तो डेकवर चालत होता. रायटच्या व्हॅलोरंटला व्हॅनगार्ड लागतं, ते लिनक्सवर नाहीच. आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांना विचारा काय खेळता, पहिल्या तीन नावांत व्हॅलोरंट येईल.

एपेक्सचं दार व्हॉल्व्हसाठी बंद झालं. लाखोंनी डेक विकलेल्या कंपनीसाठी. मग प्लेट्रॉनकडे असं काय आहे की त्यांच्यासाठी ते उघडेल?

याला एक संभाव्य उत्तर आहे आणि ते विचार करण्यासारखं आहे. सिस्टिम पूर्ण बंदिस्त करायची. सुरू होताना प्रत्येक टप्प्याची सही तपासायची, यंत्रातल्या टीपीएम चिपकडून दाखला घ्यायचा, आणि गेमच्या सर्व्हरला सांगायचं की बघा, या यंत्रावर आम्ही दिलेलाच कर्नल चालू आहे, कुणी हात लावलेला नाही. ठशांवर आधारलेल्या सिस्टिमला हे तुलनेने सोपं जातं. पण मग विकत घेतलेल्या यंत्रावर मालकाने स्वतःचा कर्नल टाकला की गेम बंद. थोडक्यात लिनक्स घेऊन त्याचा कन्सोल करायचा. काहींना ते चालेल, मला वैयक्तिक पातळीवर नाही चालणार, पण तो निदान एक सरळ सौदा आहे. "मोकळी सिस्टिम" आणि "सगळे गेम" ही दोन आश्वासनं एकत्र देणं मात्र सरळ नाही. आजच्या घडीला या दोन्ही गोष्टी एकत्र कुणालाच देता येत नाहीत.

सायनोजेनची आठवण

प्लेट्रॉनचे प्रमुख कर्ट मॅकमास्टर. हे नाव कुठे ऐकलंय असं वाटत असेल तर तुम्ही २०१४ च्या आसपास फोनवर रॉम बदलणाऱ्यांपैकी असणार. सायनोजेन इंक या कंपनीचे ते सहसंस्थापक आणि सीईओ. स्टीव्ह कॉन्डिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेला सायनोजेनमॉड हा अँड्रॉइडचा स्वयंसेवकांचा प्रकल्प, त्यावर २०१३ मध्ये ही कंपनी उभी राहिली. जानेवारी २०१५ मध्ये मॅकमास्टर जाहीरपणे म्हणत होते की आम्ही अँड्रॉइड गुगलच्या हातून काढून घेणार.

ही गोष्ट भारतातल्या वाचकाला लांबची नाही. वनप्लस वन हा फोन सायनोजेन घेऊन जगभर विकला गेला. डिसेंबर २०१४ मध्ये तो भारतात आला, आणि त्याच सुमारास कळलं की भारतापुरते सायनोजेनचे एकाधिकार मायक्रोमॅक्सला दिलेले आहेत, त्यांच्या यू या नव्या ब्रँडसाठी. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. वनप्लसच्या विक्रीवर अंतरिम मनाई आली, काही दिवसांतच खंडपीठाने ती उठवली. ८,९९९ रुपयांचा यू युरेका त्याच महिन्यात आला. वनप्लसने पुढे धडा घेऊन स्वतःचं ऑक्सिजनओएस काढलं.

आणि शेवट? ३१ डिसेंबर २०१६ ला सायनोजेनने आपल्या सेवा बंद केल्या. घोषणा आणि शेवट यांत जेमतेम एक आठवडा. मॅकमास्टर त्याआधीच सीईओपदावरून बाजूला झाले होते, म्हणून सगळं खापर एका माणसावर फोडायचं कारण नाही. पण युरेका खिशात असलेल्याला कंपनीच्या अंतर्गत गोष्टींशी काय घेणं? त्याचे अपडेट थांबले, एवढंच.

फोन वाचले ते मूळ कोड खुला होता म्हणून. स्वयंसेवकांनी तोच पुढे नेला, नाव दिलं लिनिएजओएस, ते आजही चालू आहे. त्यामुळे अशा कुठल्याही नव्या सिस्टिमला माझा पहिला प्रश्न असतो: कंपनी उद्या बुडाली तर नेमका कोणता भाग दुसरा कुणी उचलून पुढे नेऊ शकेल? वाइन, मेसा, कर्नल हे तर टिकतीलच, ते कंपनीचे नाहीतच. प्रश्न वरच्या थराचा आहे. बटणांचे नकाशे, दुकानांची जोडणी, पडद्यावरचा मुख्य प्रोग्राम, अपडेटचा सर्व्हर. ते उचलता आलं नाही तर खालचं सगळं खुलं असून तुमच्या हातातल्या यंत्राला फारसा उपयोग नाही.

पैसा कुठून येणार

व्हॉल्व्ह स्टीमओएस फुकट देते कारण गेमच्या विक्रीत तिचा वाटा सुरुवातीला ३० टक्के असतो, मोठ्या विक्रीवर तो २५ आणि मग २० टक्क्यांवर येतो. सिस्टिम हा तिच्या दुकानाचा दरवाजा. बॅझाइट फुकट आहे कारण ते स्वयंसेवकांचं काम आहे. मायक्रोसॉफ्टला विंडोजचा परवाना विकता येतो, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अलायवर त्यांनी विंडोजला पूर्ण पडद्याचं गेमिंग रूपही दिलंय. म्हणजे विंडोजची अडचण, जिच्यावर प्लेट्रॉनची अर्धी मांडणी उभी आहे, ती कमी करायला खुद्द मायक्रोसॉफ्ट लागली आहे.

प्लेट्रॉनकडे स्वतःचं मोठं दुकान नाही. यंत्र बनवणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे तर त्यांना शेजारी स्टीमओएस आणि बॅझाइट दिसतात. मग आलं सुईप्ले०एक्स१. सुई ब्लॉकचेनमागच्या मिस्टेन लॅब्सबरोबर जाहीर केलेला, प्लेट्रॉनवर चालणारा ५९९ डॉलरचा हँडहेल्ड. क्रिप्टो चांगलं की वाईट हा वाद इथे नको. माझा मुद्दा साधा आहे. ज्याच्याकडून पैसे येतात त्याच्या गरजा आधी भागवल्या जातात, हा सॉफ्टवेअरचा जुना नियम आहे. ज्याला फक्त एपिकवरचा गेम बसमध्ये खेळायचा आहे त्याच्या झोप-जागेच्या बगला आणि पाकिटाच्या जोडणीला एकाच वेळी माणूस हवा असेल, तर माणूस कुठे जाईल?

पैशाचा प्रश्न पायापर्यंत जातो. जून २०२५ मध्ये फेडोरात एक प्रस्ताव आला, की फेडोरा ४४ पासून ३२-बिट लायब्रऱ्या बंद कराव्यात. फेडोराच्या बाजूने ते तर्कशुद्ध होतं, त्या सांभाळायला कष्ट पडतात. पण तेव्हा स्टीमचा लिनक्सवरचा क्लायंट ३२-बिट होता आणि ढीगभर जुने गेम ३२-बिटच आहेत. बॅझाइटच्या संस्थापकांनी उघड सांगितलं की हे झालं तर आमचा प्रकल्प बंद पडेल. प्रस्ताव मागे घेतला गेला, पण तो परत येणार हे सगळ्यांना माहीत आहे. फेडोरावर उभ्या असलेल्या प्रत्येक गेमिंग सिस्टिमला तेव्हा दोनच वाटा असतील: त्या लायब्रऱ्या स्वतः सांभाळायच्या, नाहीतर पाया बदलायचा. दोन्हीला माणसं आणि वर्षं लागतात.

मला काय पटेल

हे सगळं वाचून मी प्रकल्प बुडण्याची वाट बघतोय असं वाटू नये. उलट भारतात अशा सिस्टिमची गरज जास्तच आहे. स्टीम डेक व्हॉल्व्ह इथे अधिकृतपणे विकत नाही, जो मिळतो तो आडमार्गाने आलेला आणि वॉरंटीशिवाय. आरओजी अलाय २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे आला, लिजन गोही मिळतो, आणि ही दोन्ही यंत्रं विंडोज घेऊन येतात. तेव्हा अनेक यंत्रांवर नीट चालणारी, एका दुकानाला बांधलेली नसलेली लिनक्स सिस्टिम इथल्या माणसाच्या खऱ्या उपयोगाची आहे.

म्हणून माझ्या मागण्या मोघम ठेवत नाही. एक, प्रत्येक यंत्रासाठी किती वर्षं अपडेट देणार ते तारखेसकट लिहून द्या. दोन, वरच्या थरातला कोणता भाग कोणत्या परवान्याखाली खुला आहे याची यादी, आणि कंपनी बंद झाली तर अपडेटच्या सर्व्हरचं काय याचं उत्तर. तीन, वेगाचे आकडे देताना फ्रेमच्या वेळेचा आलेख, ड्रायव्हरची आवृत्ती आणि वॅटची मर्यादा सोबत द्या. एकाच यंत्रावर, एकाच १५ वॅटच्या मर्यादेत, प्रत्येक गेमची पहिली फेरी आणि दुसरी फेरी वेगळी दाखवा, म्हणजे शेडरचा खर्च लपणार नाही. चार, शंभर वेळा झोपवून शंभर वेळा जागं केल्यावर किती वेळा गेम जिवंत सापडला तो आकडा. हा कुणी छापत नाही, आणि वापरणाऱ्याला रोज लागतो तो हाच. पाच, अँटी-चीटवाल्या गेमची खरी यादी: कोणते चालतात, कोणते नाहीत, आणि कुणाशी लेखी बोलणं झालंय.

तोपर्यंत माझा सल्ला एवढाच. तुमच्याकडे अलाय किंवा लिजन असेल आणि हात शिवशिवत असतील, तर विंडोज पुसू नका. बाहेरच्या एसएसडीवर किंवा वेगळ्या पार्टिशनवर टाकून बघा, आधी वॉरंटीच्या अटी वाचा, आणि आठवडाभर रोज तोच एक गेम खेळा. बॅझाइट आणि स्टीमओएसही त्याच यंत्रावर तशाच वापरून बघा. स्टीमओएस ३.७ पासून अलाय आणि लिजन गोवरचा तिचा आधार सुधारलाय, त्यामुळे तुलना करता येते. आणि नवा हँडहेल्ड घ्यायचा असेल, तर त्यात आज काय चालतं ते बघून पैसे द्या. पुढच्या अपडेटमध्ये काय येणार आहे त्यासाठी नको. बाजारात तुरी असताना घरात भांडणं करायची आपली हौस जुनी आहे, पण इथे तुरीचा भाव सत्तर हजार रुपये आहे.